यंत्रमागांच्या खडखडाटात आगीचा अलार्म कळणार कसा?

मागकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इचलकरंजीच्या बाजूला एका विणकाम कारखान्यात मी सुरक्षेचं काम बघतो. जुन्या शेडमध्ये धोट्याचे साधे माग आहेत, शेजारी रेपियर (बिनधोट्याच्या) मागांची नवी शेड उभी राहते आहे. तिच्या फायर अलार्मचं कोटेशन हातात आलंय. डिटेक्टर, पॅनल, एमसीपी (आग दिसली की माणसाने दाबायचं बटण) यांचा हिशेब नीट मांडलाय. पण अलार्म लोकांपर्यंत पोहोचणार कसा, याबद्दल एकच ओळ आहे: 'हूटर, 100 डेसिबल'. नकाशावर भिंतीलगत समान अंतराने गोल काढलेत, बस्स.

अडचण अशी. जुन्या शेडमध्ये दोन मागांच्या मधल्या गल्लीत कानाच्या उंचीला मीटर धरला की आकडा 98 ते 100 च्या दरम्यान हलत राहतो. रेपियर थोडे शांत, तरी सगळे माग भरल्यावर 92-93 च्या खाली जाईल असं वाटत नाही. आपलं आयएस 2189 म्हणतं, हूटरचा आवाज किमान 65 डेसिबल हवा किंवा भोवतालच्या गोंगाटापेक्षा 5 जास्त, यातलं जे मोठं असेल ते. अमेरिकेचं एनएफपीए 72 जास्त कडक आहे: सरासरी गोंगाटाच्या वर 15, किंवा मिनिटभर टिकणाऱ्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या वर 5. पण तेच मानक वरची मर्यादाही घालतं, 110. जुन्या शेडच्या 98 मध्ये 15 मिळवले की 113 होतात. गणित तिथेच अडतं.

मागाखाली, पत्र्याला आधार देणाऱ्या कैच्यांवर, केबल ट्रेवर रुई साठते. एक ठिणगी पडली की आग त्या रुईवरून पळत जाते. या टोकाला लागलेली आग त्या टोकाच्या कामगाराला नाकात धूर गेल्यावरच कळावी, हे मला दोन्ही शेडमध्ये नको आहे. मालक खर्चाला नाही म्हणत नाहीत, पण नेमकं काय मागायचं ते मला लेखी द्यायचंय. ज्यांनी अशा जागी काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

हूटरवाला

मी ही कामं करतो म्हणून आधी कोटेशनमधल्या त्या '100 डेसिबल'बद्दल.

कॅटलॉगमधला आकडा किती अंतरावरचा, हे पहिल्यांदा विचारा. युरोपीय पद्धतीत तो 1 मीटरवर मोजलेला असतो, अमेरिकी यूएल पद्धतीत 10 फुटांवर. या दोन अंतरांमुळे जवळजवळ 10 डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे दोन कंपन्यांच्या कागदावर 100 लिहिलेलं असलं, तरी ते हूटर सारखे नसतात.

नंतर अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. 1 मीटरवर 100 असेल तर 2 मीटरवर 94, 4 वर 88, 8 मीटरवर 82. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो म्हणून प्रत्यक्षात उतार जरा कमी असतो, पण भिंतीवरचा हूटर शेडच्या मध्यभागी पोचत नाही एवढं खरं. तुमच्या 98 मध्ये तो 82 म्हणजे काहीच नाही.

आणि गिऱ्हाईक नेहमी म्हणतं तसं 'मग दोन लावा' यानेही भागत नाही. शेजारी शेजारी दोन सारखे हूटर लावले तर 3 डेसिबल वाढतात, दहा लावले तर 10. त्यापेक्षा कमी ताकदीचे जास्त हूटर माणसांच्या डोक्यावर विखरून टांगावेत, प्रत्येक दोन-तीन गल्ल्यांमागे एक.

शेवटची गोष्ट वायरची. 24 व्होल्टची लांबच लांब लाइन बारीक वायरने ओढली की शेवटच्या हूटरला व्होल्टेज कमी पडतं, आणि तो बारीक वाजतो. वीज गेल्यावर बॅटरीवर तर आणखी. लाइनच्या शेवटच्या हूटरपाशी, पॅनल बॅटरीवर ठेवून, मोजलेला आकडा कंत्राटात मागा. बहुतेक जण देणार नाहीत, म्हणूनच मागा.

ध्वनिवेडी

हूटरवाला यांनी अंतराचं सांगितलं, मी सुराचं सांगते. मागकरी, तुमचं 98 अधिक 15 हे गणित अडतं कारण तुम्ही सगळा गोंगाट एका आकड्यात धरलाय. कान तसा ऐकत नाही. गोंगाटाची ताकद वेगवेगळ्या कंप्रतांत विभागलेली असते, आणि जिथे गोंगाट तुलनेने कमी आहे त्या पट्टीत इशारा घातला तर तो कमी आवाजातही स्पष्ट कळतो.

धोक्याच्या इशाऱ्यांचं आयएसओ 7731 हे मानक यासाठी उपयोगी पडेल. सरसकट आकड्याने मोजायचं तर तेही 15 डेसिबल जास्त मागतं. पण पट्ट्यांनुसार मोजलं, तर एखाद्या तरी ऑक्टेव्ह पट्टीत (कंप्रतांचा असा गट, ज्याचं वरचं टोक खालच्याच्या दुप्पट असतं) गोंगाटाने झाकल्या जाणाऱ्या पातळीपेक्षा 10 डेसिबल वर असणं पुरतं. समजा एकूण गोंगाट 98 आहे, पण 500 हर्ट्झच्या पट्टीत झाकली जाणारी पातळी 85 आहे. तिथे 96-97 चा सूर घातला की तो कळतो आणि 110 ची वेस ओलांडावी लागत नाही. एनएफपीए 72 मध्येही अशी अरुंद पट्टीची रचना चालते, फक्त हिशेब कागदावर दाखवावा लागतो.

त्यासाठी साधा मीटर पुरणार नाही, ऑक्टेव्ह पट्ट्या दाखवणारा लागेल. मोबाइलच्या ॲपवर तर मुळीच विसंबू नका, इतक्या आवाजात फोनचा माइकच दबतो. एक काळजी घ्यावी लागते: खालच्या सुरांचा गोंगाट वरच्या सुरांना झाकतो, उलटं तेवढं होत नाही. म्हणून ह्युमिडिफिकेशनचे (हवा दमट ठेवणारे) पंखे घुमत असतील तर त्यांची घरघर फक्त खालच्याच पट्टीत आहे असं समजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाजारातले स्वस्त पिझो हूटर साधारण 3000 हर्ट्झच्या आसपास किंचाळतात. कार्यालयात ते कानाला टोचतात, म्हणून जोरदार वाटतात. पण वर्षानुवर्षं मागावर उभ्या राहिलेल्या माणसाचं ऐकणं पहिल्यांदा जातं ते 3000 ते 6000 हर्ट्झमध्ये, त्यातही 4000 च्या आसपास खड्डा पडतो. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) काढलेत का कधी तुमच्या जुन्या कामगारांचे? काढा. ज्या सुरात त्यांचा कान गेलाय, त्याच सुरात आपण त्यांना जीव वाचवायला हाक मारतो. कानात घातलेले फोमचे प्लगसुद्धा वरचे सूरच जास्त अडवतात. म्हणून आयएसओ 7731 म्हणतं की ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आणि प्लगवाल्यांसाठी इशाऱ्यात 1500 हर्ट्झच्या खाली पुरेशी ताकद हवी. खर्जातला हूटर महाग पडतो आणि करंट जास्त खातो, पण तुमच्या शेडला तोच लागेल.

मागकरी

ध्वनिवेडी, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. ऑडिओग्राम काढलेले आहेत, फाइलमध्ये पडून आहेत. गोंगाटाने आलेलं बहिरेपण कायद्याने नोंद करण्याच्या रोगांत आहे म्हणून काढले होते. अलार्म ठरवताना ते उघडायचं डोक्यात आलं नव्हतं.

एक शंका. प्लग घातल्यावर अलार्म ऐकू येत नाही, असं म्हणून कामगार प्लग काढून ठेवतात. त्यांना काय सांगायचं?

ध्वनिवेडी

ज्याचं ऐकणं ठीक आहे त्याला सांगा की इतक्या गोंगाटात प्लगमुळे नुकसान होत नाही. प्लग गोंगाट आणि इशारा दोन्ही खाली आणतो, दोघांतला फरक जवळपास तोच राहतो. उलट कानावरचा भार कमी झाल्याने कधी कधी जास्त स्पष्ट कळतं. ज्याचं ऐकणं आधीच गेलंय त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी प्लगमुळे इशारा ऐकू येण्याच्या पातळीच्याच खाली जाऊ शकतो. अशा माणसांसाठी उजेड किंवा अंगाला लागणारा इशारा हवा. प्लग मात्र दोघांनीही काढायचा नाही.

निशाचर

मी सोळा वर्षांचा असल्यापासून मागखात्यात आहे, आता रात्रपाळीला फिटर. वरचं सगळं वाचलं, बरंचसं पटलं. कामगाराच्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे प्लग थोडे घालतात, जास्त जण कानात कापसाचा बोळा घालतात. त्याने फारसं काही अडत नाही पण बरं वाटतं. शेडमध्ये कोणी कोणाला हाक मारत नाही. जॉबरला (मागांवर देखरेख करणाऱ्याला) बोलवायचं तर हात वर करून बोटं फिरवायची. सूत तुटलं, बीम संपला, साहेब आला, सगळ्याला खुणा आहेत. उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा, कर्नाटकातला माणूस आठ दिवसांत त्या खुणा शिकतो. कान बंदच असतात म्हणून डोळे सतत फिरत असतात. पण फिरतात कुठे? कापडावर, सुतावर, मागाच्या दिव्यावर. भिंतीवर कोण बघतो!

आणि एक सांगतो. शेडमध्ये असताना माणसाला सगळ्यात आधी काय कळतं माहीत आहे? माग थांबलेला. एक माग थांबला तरी चालवणारा वळून बघतो. वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले की झोपेत असलेलाही उठतो. आगीचा अलार्म वाजला की मागांचा पुरवठाच तोडा. हूटर मग कसलाही असू दे, अख्ख्या शेडला ऐकू येईल.

ध्वनिवेडी

निशाचर, मला हेच पहिलं लिहायला हवं असं वाटतंय. माग थांबले की गोंगाट 98 वरून पंख्यांच्या घरघरीवर येतो, पंखेही थांबले तर 60 च्या आसपास. ज्या हूटरला 98 मध्ये काही अर्थ नव्हता तो 82 चा हूटर आता 20 डेसिबलने वर आहे. इशाऱ्याचा आवाज वाढवण्यात जितका पैसा जातो, त्याच्या काही अंशात गोंगाट थांबवता येतो.

चाकणकर

थांबा, थांबा. माझा फोर्जिंगचा अनुभव सांगतो, कारण 'सगळं ट्रिप करा' हे प्रत्येक जागी चालत नाही.

आमच्याकडे इंडक्शन हीटरमधून लाल तापलेला बिलेट (धातूचा ठोकळा) बाहेर येत असतो. हीटर बंद करायला हरकत नाही, पण त्याच्या कॉइलचं थंड पाणी बंद झालं तर कॉइल जाते आणि नवीच भानगड उभी राहते. फौंड्रीत वितळलेला धातू भट्टीत असतो, तिथेही तेच. लोहचुंबकाची क्रेन असेल तर वीज तोडताच उचललेला माल खाली पडतो. म्हणून आम्ही यंत्रांची यादी करून तीन गट पाडले. लगेच थांबणारी: कन्व्हेयर, ब्लोअर, ग्राइंडर, कॉम्प्रेसर. एक चक्र पूर्ण करून थांबणारी: प्रेस. कधीच न तोडायची: थंड पाण्याचे पंप, क्रेन, आपत्कालीन दिवे, आणि फायर पंप. फायर पंपाची लाइन तर मेन स्विचच्या आधीच वेगळी काढलेली असावी.

तुमच्या मागांचं सोपं आहे, माग थांबला तर फार तर कापडाला पट्टा पडेल. पण दिवे मागांच्याच फीडरवर (वीजपुरवठ्याच्या लाइनवर) असतील तर रात्री अंधार होईल. आधी ते बघा. ह्युमिडिफिकेशनचे पंखे मात्र नक्की थांबवा, ते धूर आणि पेटती रुई शेडभर पोहोचवतात.

मागकरी

दिवे वेगळ्या फीडरवर आहेत का हे आज तपासलं. जुन्या शेडमध्ये अर्धे आहेत, अर्धे नाहीत. नव्याचा नकाशा बदलून घेतोय.

उजेडाच्या इशाऱ्याबद्दल कोणी लिहील का? निशाचर म्हणतात भिंतीवर कोणी बघत नाही.

मीनाक्षी_पुणे

मी याच कामात आहे, मुख्यतः वाहनांच्या कारखान्यांसाठी. एनएफपीए 72 प्रमाणे गोंगाट 105 च्या वर असेल तर स्ट्रोब (झगमगणारा दिवा) लावणं सक्तीचं होतं. माझं मत, 90 च्या पुढे प्रत्येक ठिकाणी लावावा.

भिंतीवर कोणी बघत नाही हे खरंच, पण स्ट्रोबकडे बघायची गरजच पडू नये अशी रचना असते. झगमगाट समोरच्या यंत्रावर, कापडावर, हातावर पडला पाहिजे. युरोपचं ईएन 54-23 हे मोजूनच मागतं: प्रकाशाच्या दिशेला काटकोनात धरलेल्या पृष्ठभागावर किमान 0.4 लक्स. भिंतीचे, छताचे असे वेगळे वर्ग आहेत, आणि प्रत्येक उपकरण किती लांबी-रुंदीचा भाग व्यापतं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. तुमच्या शेडसाठी छताचे घ्या, म्हणजे उजेड वरून गल्लीत उतरेल. जॅकार्ड (मागावर बसणारं नक्षी विणण्याचं यंत्र) लावणार असाल तर त्याच्या उंच सांगाड्याची सावली पडते, त्या गल्ल्यांत वेगळा स्ट्रोब हवा. छताचा म्हणजे पत्र्याला चिकटवलेला नव्हे. धूर आधी वरच साठतो आणि स्ट्रोब त्यात बुडतो, म्हणून तो खाली टांगून घ्या.

पत्र्यात बसवलेल्या पारदर्शक शीटमधून दुपारी ऊन उतरतं, तेव्हा 0.4 लक्स कुठे दिसणार? दुपारी बारा ते दोनमध्ये प्रत्यक्ष लावून बघा आणि लागेल तसे वाढवा.

रंगाचं भान ठेवा. मागांवर लाल, पिवळे, हिरवे दिवे असतातच, फोर्कलिफ्टवर पिवळा फिरता दिवा असतो. आगीसाठी पांढरा झगमगता ठेवा आणि तसा दिवा दुसऱ्या कशालाही लावू देऊ नका. सगळे स्ट्रोब एका लयीत, सेकंदाला एक ते दोन वेळा चमकले पाहिजेत. वेगवेगळ्या लयीत चमकले तर एकत्र मिळून वेग वाढतो, आणि ज्याला उजेडाने फेफरं येतं त्याला त्रास होऊ शकतो.

आणि पुसणं! रुई काचेवर बसते. साफसफाईच्या वेळापत्रकात स्ट्रोबची काच लिहून ठेवा.

हूटरवाला

मीनाक्षीताईंना दुजोरा. कॉम्प्रेसर रूमचंही लक्षात ठेवा, आतला माणूस एकटाच असतो आणि शेडमध्ये काय चाललंय त्याला पत्ता नसतो. आत एक स्ट्रोब, दाराबाहेर एक.

पॅनलच्या खोलीत मात्र मोठा हूटर लावू नका. तिथल्या माणसाला फायर ब्रिगेडला फोन करायचा असतो, त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं पाहिजे.

सदाशिव_ठाणे

घोषणेची यंत्रणा घेतली तर? 'आग लागली आहे, बाहेर पडा' असं स्पष्ट सांगता येईल.

ध्वनिवेडी

माग चालू असताना शब्द कळणार नाहीत, पैसे वाया जातील. माग थांबल्यावर कळतील, पण मग मराठी, हिंदी, कन्नड, ओडिया कितींदा बोलणार? माझ्या मते सूर आणि लय सगळ्यांना सारखी. आयएसओ 8201 ची तीन ठोक्यांची लय घ्या: अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तीन आवाज, मधे अर्धा सेकंद शांतता, तिसऱ्यानंतर दीड सेकंद शांतता. पाळी सुटल्याचा भोंगा एकसलग वाजत असेल तर दोन्हींत गोंधळ होणार नाही.

निशाचर

भोंग्याचं बरोबर बोललात. एका जागी पाळीचा, जेवणाचा आणि आगीचा एकच भोंगा होता. लोक डबा घेऊन निघायचे.

वृषाली

तंत्राचं मला फार कळत नाही, मी कामगारांच्या आरोग्यावर काम करते. तरी एक लिहिते, कारण या धाग्यात ते यायला हवं.

ढाक्याजवळ आशुलियाच्या ताझरीन कारखान्यात 24 नोव्हेंबर 2012 ला आग लागली, किमान 112 माणसं गेली. तिथे अलार्म वाजला होता. ऐकूही गेला होता. पण वाचलेल्या कामगारांनी सांगितलं की वरिष्ठांनी त्यांना परत मशीनवर बसवलं, काही नाही म्हणून. त्याच्या शंभर वर्षं आधी, 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 146 जण गेले. आठव्या मजल्यावरून दहाव्याला फोन गेला, मधल्या नवव्या मजल्याला कोणी कळवलंच नाही.

मागकरी, तुमच्या लेखी कागदात एक वाक्य घाला: अलार्म वाजल्यावर कोणत्याही मुकादमाला, जॉबरला, मॅनेजरला कामगाराला थांबवण्याचा अधिकार नाही. 'आधी बघून येतो, तोवर चालू ठेवा' हे वाक्य कोणी उच्चारायचं नाही.

चाकणकर

वृषालीताई, शंभर टक्के. फक्त, मुकादम तसं का म्हणतो तेही बघायला हवं. अलार्म उगाच वाजत असेल तर दोन महिन्यांत त्याच्यावरचा विश्वास उडतो. आणि माग ट्रिप होणार म्हटल्यावर प्रत्येक खोट्या अलार्मला उत्पादन जाणार. मग कोणीतरी माग बंद करणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) काढून ठेवणार. मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनवर 2010 मध्ये 11 जण गेले. तिथला सर्वसाधारण अलार्म आपोआप वाजणार नाही असा करून ठेवला होता, खोट्या अलार्मने रात्री लोकांची झोपमोड नको म्हणून. चौकशीत ते साक्षीत आलं.

मागकरी, कोटेशनमध्ये डिटेक्टर कोणते आहेत?

मागकरी

साधे स्मोक डिटेक्टर, छताला.

हूटरवाला

मग बदला. रुईने दर आठवड्याला वाजतील. मागखात्यात उष्णता ओळखणारी केबल कैच्यांखालून आणि केबल ट्रेवरून फिरवा, मोक्याच्या जागी ज्वाला ओळखणारे डिटेक्टर द्या. धूर हवाच असेल तर फिल्टर लावलेली हवा ओढून तपासणारी यंत्रणा मिळते, खर्चिक आहे. मागांचा पुरवठा तोडण्यासाठी दोन डिटेक्टरची सहमती किंवा एक एमसीपी अशी अट ठेवा. एका डिटेक्टरवर फक्त पॅनल आणि त्या झोनचा स्ट्रोब. एमसीपी दाबला की मात्र लगेच सगळं, कारण तो माणसाने डोळ्यांनी बघून दाबलेला असतो.

मीनाक्षी_पुणे

तपासणीबद्दल राहिलं. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ती तपासणी बरेचदा सुट्टीच्या दिवशी होते, माग बंद असताना. शांत शेडमध्ये प्रत्येक हूटर दणदणीत वाजतो आणि सही होते. तुम्ही ती भर पाळीत, सगळे माग चालू ठेवून करायला लावा. ट्रिपचा रिले पहिल्यांदा बायपास ठेवून स्ट्रोब आणि हूटर चालत्या गोंगाटात कळतात का ते बघा, नंतर रिले जोडून माग खरंच थांबतात का ते. बायपासची किल्ली कोणाकडे होती आणि परत कधी जोडली, याची नोंद सहीसकट.

मागकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोटेशन परत पाठवलं. नव्या मागणीत आलेल्या गोष्टी: ऑक्टेव्ह पट्ट्यांची मोजणी आधी, भर पाळीत. 1500 हर्ट्झखालचे हूटर गल्ल्यांवर टांगलेले, शेवटच्या हूटरचा बॅटरीवर मोजलेला आकडा लेखी. खाली टांगलेले पांढरे स्ट्रोब, एका लयीत. एमसीपीवर किंवा दोन डिटेक्टरवर माग आणि पंखे बंद, दिवे आणि फायर पंप चालू. स्मोक डिटेक्टर रद्द. जुन्या शेडलाही हेच, पुढच्या टप्प्यात. वृषालीताईंचं वाक्य मॅनेजरच्या सहीने सूचना फलकावर लागेल, तीन भाषांत.

ऑडिओग्राममध्ये ज्यांचं ऐकणं जास्त गेलंय अशांची पाळीवार यादी केली. त्यांच्यासाठी कंबरेला लावायचे थरथरणारे पेजर बघतोय. मागाच्या हादऱ्यात पेजरचा थरथराट अंगाला कळतो का, याचा कोणाला अनुभव आहे?

निशाचर

कंबरेला लावला तर कळणं अवघड. माणूस मागाला पोट टेकून उभा असतो, कंबर हलतच असते. दंडाला बांधून बघा. आणि पेजर असला तरी प्रत्येक गल्लीत एक माणूस ठरवून द्या, बाहेर पडताना शेजारच्याच्या खांद्यावर हात मारून जाणारा. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला ती खूण शिकवायची.